करंजाड्याचा मुका गवई

मी एक कॉम्प्युटर बोलतोय. मला पडदा नाही, कीबोर्ड नाही, माऊसही नाही. ते सगळं मितेशने काढून टाकलं. घरातली झाडून सगळी गाणी माझ्या पोटात ठेवायची आणि कुठल्याही खोलीत बसून ऐकायची, एवढ्याच कामासाठी त्याने मला आणलं. याला म्युझिक सर्व्हर म्हणतात म्हणे. मितेशचे वडील दयाराम मला 'तो खोका' म्हणतात.

माझी पहिली नोकरी खारघरच्या एका कॉलेजात, फीच्या खिडकीमागे. तिथे पालकांचे पडलेले चेहरे तेवढे पाहिले, गाणं कधी ऐकलं नाही. पुढे कॉलेजने नवे कॉम्प्युटर घेतले आणि आमची रवानगी पनवेलच्या एका दुकानात झाली. तिथे आम्ही एकावर एक रचलेले होतो, गिऱ्हाइकाची वाट बघत.

तिकडे करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये मितेश वर्षभर कॉम्प्युटर निवडत होता. नवा परवडत नव्हता, जुन्याचा पंखा घरघरायचा. लहानात मोठी डिस्क मावत नव्हती, मोठा वीज खायचा. बंदरावरच्या ऑफिसातून आला की तो इंटरनेटवर जगभरच्या अनोळखी लोकांची मतं वाचत बसायचा. त्याची बायको मनिषा शेजारणीला सांगायची, "गाणी ऐकायला मुका कॉम्प्युटर शोधतायत!"

शेवटी तो दुकानात आला, मला चालू केलं आणि माझ्या पोटाला कान लावला. "आवाजच येत नाही!" तो आनंदाने ओरडला. गवई म्हणून माझी निवड झाली ती अशी.

घरी आल्यावर त्याने मला मोठी डिस्क बसवली. सीडीतली, कॅसेटमधली, मित्रांच्या पेन ड्राइव्हमधली हजारो गाणी माझ्यात आली. मग तो ती लावायला बसला. लावायला म्हणजे ऐकायला नव्हे, नीट रचायला. गाणं सुरू झालं की हा धावत यायचा. कुठे नावात चूक, कुठे चित्र गायब. गाणं मध्येच बंद.

"अहो, एक तरी गाणं पुरतं होऊ द्या की!" मनिषा स्वयंपाकघरातून म्हणायची.

"होईल गं. आधी सगळं नीट लागू दे."

त्या वर्षी दयारामांची थोरली बहीण जनी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आली. ती उरणकडच्या गावातली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन देवांना बोलावते, ती धवलारीण. तिच्यामागे गावात कुणी शिकलं नव्हतं. मितेशला हे कळलं आणि त्याने लगेच माइक आणला.

"आत्या, म्हण. रेकॉर्ड करतो."

"आता? मांडव नाय, नवरी नाय, आन् देवांना हाका मारू? आले तं बसवू कुटं?"

त्यामुळे मितेशच्या बहिणीच्या, कोमलच्या हळदीपर्यंत थांबावं लागलं. त्या दिवशी मितेशने मला मुलासारखं कडेवर घेऊन गावी नेलं. मांडवात एका टेबलावर ठेवलं. बाहेर डीजेचे खोके दणदणत होते. जनीने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तेव्हा मनिषा उठली आणि हळदीच्या साडीतच डीजेवाल्यांपुढे जाऊन उभी राहिली. "आत्यांचं होईपर्यंत हे बंद." पोरं कुरकुरली, पण बंद झालं.

जनी गायली. मी सगळं टिपलं. तिचा आवाज, बायकांच्या बांगड्या, पातेल्यांची आदळआपट आणि मधूनच दयारामांची हाक, "बरफ आला का रं?"

मितेशने ते ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "सगळं खराब झालं." मग तो ते साफ करायला बसला. महिने गेले. जनीचे फोन यायचे, "लावलंस का रं?"

"थांब आत्या, साफ करतोय."

"मी काय कोळणीच्या टोपलीतलं म्हावरं हाय, साफ कराया?"

आणि एक दिवस बातमी आली, जनीला अर्धांगाचा झटका आला. ती वाचली, थोडंफार बोलू लागली, पण गळा गेला. मितेश त्या संध्याकाळी माझ्यासमोर नुसता बसून राहिला. दुसऱ्या दिवसापासून दुप्पट जोमाने साफ करू लागला. दुसरं काय करावं हे त्याला सुचलं नसावं.

मनिषाला सुचलं. तो ऑफिसला गेला की ती मला चालू करायची आणि बरफासकट तो धवला लावायची. एक ओळ ऐकायची, थांबवायची, पोळ्या लाटता लाटता म्हणायची, पुन्हा मागे जायची. मी एवढा कधी थकलो नव्हतो आणि एवढा खूशही कधी झालो नव्हतो.

मितेशला कळलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, ते कच्चं आहे. पक्कं होऊ दे, मग ऐक."

"तुमचं पक्कं होईपर्यंत आत्या असतील का?"

तो पुन्हा साफ करायला बसला.

पुढच्या उन्हाळ्यात जनीच्या गावात लग्न निघालं. मनिषा मांडवात बसून गायली. जनी खुर्चीत ऐकत होती. हे मला मितेशच्या बोलण्यातून कळलं, कारण तेव्हा मला कुणी नेलं नव्हतं. धवला संपल्यावर जनीने तिला जवळ बोलावलं आणि वाकड्या झालेल्या ओठांनी विचारलं, "गो, तिसऱ्या ओलीत मदीच का थांबतेस?"

"तुम्हीच थांबता तिथे, आत्या."

"थितं मी खोकलं होतं गो!" जनी म्हणाली, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तो खोकला तेवढा मितेशने साफ करून टाकला होता.

आता मी माळ्यावर आहे, माझीच वायर माझ्याभोवती गुंडाळलेली. गाणी फोनवर मिळतात, तरी मितेश नवा सर्व्हर निवडतोय. गेले आठ महिने. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. जो कोणी माझ्या जागी येईल, त्याला निदान एक तरी माणूस असा मिळो, जो त्याच्याकडून शिकून घेईल आणि मग त्याला विसरून जाईल.

काल मनिषा माळ्यावर चढली होती. शेजारच्या दोन मुली धवला शिकायला येतात, त्यांच्यासाठी चटई काढायला. काढता काढता गुणगुणत होती.

खालून मितेशने हाक मारली, "मनिषा, थांब जरा, हे रेकॉर्ड करतो!"

ती थांबली नाही.