पिवळ्या पट्ट्यांवर उपचार

ताईने झाड गोणीतून आणलं तेव्हा त्याला एकही पान नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या बाजूने बोलण्यासारखं तेवढंच आहे.

मातीने भरलेला मुळांचा गड्डा आणि त्यावर वीतभर उंचीवर छाटलेले दांडे. ताई आपलं घर विकून मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला चालली होती. तिथे हे झाड मावणार नव्हतं. माझ्या घरामागे चार पावलांची का होईना, बाग आहे.

"बत्तीस वर्षं वाढवलंय," ती म्हणाली. "माणसाच्या डोक्यावरून जातं. नातीचं बाळंतपण उरकून सात महिन्यांनी येते. तोवर नीट सांभाळ, छोट्या. पुस्तकात तोंड खुपसून बसू नकोस."

मी एकाहत्तर वर्षांचा आहे आणि दारातून वाकून जातो, पण ताईसाठी छोट्याच. लहानपणापासून ती माझ्या हातातलं काम काढून घेऊन स्वतः करत आली. बुटाच्या नाड्या, सायकलचं पंक्चर, पुढे माझ्या लग्नाची बोलणीसुद्धा. या वेळी प्रथमच तिने काहीतरी माझ्या हातात दिलं आणि पाठ फिरवली. तिला परत आल्यावर ते माझ्याकडून काढून घ्यावंसं वाटू नये, एवढंच मला हवं होतं.

तिच्या जुन्या घरी मी अनेकदा गेलो होतो. पण गेलो की पुढच्या खोलीत कपाटाशेजारच्या खुर्चीत वाचत बसायचो. मागे बागेत काय उगवलं होतं, ते मला विचारू नका.

महिन्याभराने पहिलं पान उलगडलं. हातभर लांब, चकचकीत, आणि मधल्या शिरेपासून कडेपर्यंत पिवळे पट्टे. छापखान्यात एकोणचाळीस वर्षं मी मुद्रितं तपासली. चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. ग्रंथालयातून झाडांच्या रोगांवरचं जाडजूड पुस्तक आणलं. पृष्ठ दोनशे अठरावर सगळं होतं: पानं पिवळी पडणे, लोहाची कमतरता, उपाय. दर रविवारी औषध, पंधरवड्याला खत, आणि रोग पसरू नये म्हणून पट्टे आलेले दांडे बुंध्यापासून काढून टाकणे. एक रविवार चुकवला नाही.

तिसऱ्या महिन्यात एका कडेने नवा कोंब आला. हिरवागार, पिवळ्याचा मागमूस नाही. त्या दिवशी मी दोनदा चहा केला.

ताईचा फोन यायचा.

"कसं आहे रे?"

"सुरुवातीला जरा अशक्त होतं. आता सुधारतंय."

"मी झाडाचं विचारतेय."

"मीही झाडाचंच सांगतोय."

"बरं. मग तू कसा आहेस?"

"मी आहे."

सहाव्या महिन्यापर्यंत माझ्या खांद्याला लागणारं हिरवं रान तयार झालं. ताई यायला दहा-बारा दिवस उरले असताना नर्सरीवाला खताची पिशवी घेऊन आला तेव्हा मी त्याला मुद्दाम मागे नेलं. कौतुकाची सवय नाही मला, पण त्या दिवशी थोडं चाललं असतं.

"काका, हे रानटी काय लावलंय?"

"रानटी नाही. आजारी होतं. सगळ्या पानांवर पिवळे पट्टे होते. बरं केलं."

त्याने पिशवी खाली ठेवली आणि भलत्याच गाडीत बसलेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"अहो काका, लोक त्या पट्ट्यांसाठीच हे झाड घेतात. तो आजार नाही, ते त्याचं रूप आहे. उलट असं साधं हिरवं फुटलं की मुळापासून काढायचं असतं. त्याला जोर जास्त. पट्टेवाल्याला ते दाबून टाकतं."

म्हणजे जे ठेवायचं ते मी नेमाने छाटलं होतं आणि जे छाटायचं त्याला खत घातलं होतं. भिंतीलगत पट्ट्यांचा एकच दांडा उरला होता, गुडघ्याएवढा. त्याचा नंबर येत्या रविवारी होता.

"माझ्याकडे अस्संच एक आहे, डोक्याएवढं," नर्सरीवाला म्हणाला. "दाराशी कुंडी ठेवू. तुमच्या ताईंना कळणारसुद्धा नाही."

मला नाही म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी कुंडी आली.

ताई आली ती गाडीतून उतरतानाच थबकली. कुंडीजवळ गेली, पान हातात घेतलं, उलटं करून बघितलं.

"छोट्या, हे तू केलंस?"

असा आवाज तिने माझ्यासाठी कधी काढला नव्हता.

"काही नाही, पाणी घातलं," मी म्हणालो. ते खरं होतं, दहा दिवसांपुरतं.

चहा घेताना ती पणतीचं नाक कोणावर गेलंय ते सांगत होती. मला काही ऐकू येत नव्हतं. मग म्हणाली, "मुलाला दाखवायला आणते. म्हणावं, बघ तुझ्या मामाने—"

"ताई, ते तुझं नाही."

"काय माझं नाही?"

"बाहेरचं विकतचं आहे. तुझं मागे आहे. मी ते बरं केलं."

मग सगळं सांगितलं. मनात तीन वाक्यं घोळवून ठेवली होती, मधलं बरं होतं, पण आयत्या वेळी एकही आठवलं नाही. ती उठून मागे गेली. हिरव्या रानासमोर उभी राहिली. पाठमोरीच तिने विचारलं,

"औषध किती द्यायचास?"

"दर रविवारी दोन चमचे."

"भरून?"

"सपाट. पुस्तकात सपाट म्हटलं होतं."

तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतेय. ती पायरीवर बसली आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला. "बत्तीस वर्षं मी त्याला भांडी विसळलेल्या पाण्यावर ठेवलं रे." हसणं थांबलं तरी डोळे पुसणं थोडं जास्तच चाललं. मग नाक ओढून म्हणाली, "उरलंय किती?"

"एक दांडा."

"आण ते फावडं. आणि हो बाजूला."

"नको ताई. मी करतो."

"तू?"

"बिघडवलंय मी. मीच करतो."

"आणि हेही गेलं तर?"

"तर गेलं असं मीच येऊन सांगेन."

फावड्याचा दांडा दोघांच्याही हातात होता. तिने सोडला.

मी माती बाजूला केली. खाली हिरव्याचे आणि पट्ट्यांच्या दांड्याचे गड्डे एकमेकांत गुंतले होते, मध्ये जेमतेम अंगठ्याएवढा जोड.

"इथे काप," ताई म्हणाली.

"इथे नको. इथे नवा डोळा आहे, कोंब फुटायचा."

"कुठाय? काहीतरीच."

"बोट लावून बघ."

गुडघ्यावर हात देत ती वाकली, मातीत बोट घातलं.

"आहे खरा," ती म्हणाली.

"दोन बोटं पलीकडे कापतो."

"काप."

मी कापलं. आतून ओलं, पांढरं निघालं आणि आल्यासारखा वास सुटला. काप वाकडा गेला.

"तिरकं झालं," ती म्हणाली.

"हो."

ती क्षणभर त्या कापाकडे बघत राहिली. मग कंबर धरून सरळ झाली. "बाकीचं हिरवं तू काढ. मला प्रवासाचा शीण आलाय, जरा आडवी होते."

ती आत गेली. अर्ध्या वाटेवरून परत येईल म्हणून मी थोडा वेळ थांबलो. मग आतून कॉट कुरकुरल्याचा आवाज आला, आणि मी पुढच्या गड्ड्याभोवतीची माती मोकळी करायला घेतली.