शेवट सांगण्याचा मान

बॉबिनबाईंचा वाढदिवस खरं तर गुरुवारीच उलटून गेला होता; पण गटाचा नियमच असा की कुणाचाही वाढदिवस साजरा व्हायचा तो रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर. आडवारी कुणाला सवड असते? गटाचा म्होरक्या बेकरीवाला, त्याची भट्टी पेटलेली. वकीलबाईंच्या तारखा. आणि खुद्द बॉबिनबाईंचं कपडे उसवून मापात बसवून देण्याचं दुकान, तिथे तर गिऱ्हाईक 'आजच हवंय' याशिवाय दुसरं बोलतच नाही.

'मधला मजला' ही मालिका संपून इतकी वर्षं झाली होती की तिच्यातली बालकलाकार आता आज्जीच्या भूमिका करत होती. पण ही मूठभर माणसं तिला काही सोडायला तयार नव्हती. कथानक एका ओळीचं: एका जुन्या इमारतीची लिफ्ट दर भागात दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडते आणि आत दोन माणसं अडकतात. झालं. बाकी सगळं त्या दोघांचं बोलणं. बॉबिनबाईंचे यजमान म्हणत, "एकदा चांगला मेकॅनिक बोलावला असता तर मालिका पहिल्याच भागात आटोपली असती." अशा माणसाशी काय बोलणार?

फक्त व्हिडिओ कॉलवर भेटणाऱ्या या गटात एकमेकांची नावं कुणाला ठाऊक नव्हती आणि विचारायचीही पद्धत नव्हती. शिवणयंत्रापाशी बसून बोलायच्या म्हणून यांचं नाव बॉबिन. फोन यंत्राला टेकवून ठेवायच्या, त्यामुळे पडद्यावर त्यांची हनुवटी आणि गळ्यातली मापाची टेप एवढंच दिसायचं. वकीलबाई म्हणायच्या, "बाजारात तुमची हनुवटी दिसली तर मी लगेच ओळखेन, चेहऱ्याचं मात्र सांगता येत नाही." नुकतीच आलेली एक कॉलेजातली मुलगी होती, तिने स्वतःचं नाव 'पायपुसणं' ठेवलं होतं. तिचा कॅमेरा कायम बंद. तिच्या भागात इंटरनेट रडतखडत चालायचं म्हणे.

वाढदिवसाची रीत ठरलेली. ज्याचा वाढदिवस त्याने एक भाग निवडायचा. सगळ्यांनी बेकरीवाल्याच्या हुकमाबरोबर आपापल्या घरी तो एकदम सुरू करायचा. शेवटचा प्रसंग आला की सगळ्यांनी थांबवायचा, आणि उत्सवमूर्तीने उरलेला शेवट तोंडी सांगायचा, अगदी हातवाऱ्यांसकट. याला म्हणायचे शेवट सांगण्याचा मान. सांगून झालं की मग खरा शेवट बघायचा आणि टाळ्या वाजवायच्या. यात कुणी चुकत नसे. चुकायचं कसं? सगळ्यांचे सगळे भाग तोंडपाठ.

बॉबिनबाईंनी निवडला होता छत्रीवाल्या आजींचा भाग. हा भाग मालिका पहिल्यांदा दाखवली तेव्हाच काय तो दिसला. पुढे कुठेच मिळत नव्हता. बेकरीवाल्याने कुठल्या तरी बंद पडलेल्या व्हिडिओ दुकानातून जुनी टेप पैदा केली, ती साफसूफ केली, तिची फाईल करून सगळ्यांना पाठवली आणि म्हणाला, "बॉबिनबाई, ही माझ्याकडून भेट. मीसुद्धा पाहिलेली नाही. तुमच्याबरोबरच बघेन."

भेटीचं ऐकून बाईंचे डोळे भरून आले, आणि ते नुसत्या मालिकेसाठी नव्हतं. हा भाग त्यांनी लहानपणी ताईच्या मांडीवर डोकं ठेवून पाहिला होता. आणि ताईशी त्या आई गेल्यापासून बोललेल्या नव्हत्या.

त्याचं असं झालं होतं. आई ताईकडे असायची. आजारी पडली तेव्हा इकडे बॉबिनबाईंच्या यजमानांचं ऑपरेशन होतं. रोज फोन व्हायचा आणि रोज ताई सांगायची, "सुधारतेय आई. तू तिकडचं बघ, उगाच धावपळ करू नकोस." मग एका सकाळी फोन आला तो आई गेल्याचाच. बॉबिनबाई पोचल्या आणि भरल्या घरात, चार माणसांदेखत ताईला म्हणाल्या, "तू माझ्याशी खोटं बोललीस. माझी आई माझ्यापासून चोरलीस." ताईने एका शब्दाने उत्तर दिलं नाही. तेव्हापासून दोघींच्या मध्ये जे दार लागलं ते लागलं. ताईने मधे घर बदललं, नंबर बदलला, आणि विचारणार कुणाला? आपला राग खरा होता की नुसता मोठा होता, हा प्रश्न बाईंना अलीकडे बटणांची काजं करताना पडायचा. अशी कामं फार असतात ज्यात हात गुंतलेले आणि डोकं मोकळं असतं.

"बोटं ठेवा सगळ्यांनी," बेकरीवाला गरजला. मागे त्याच्या बायकोने केकवर बॉबिन काढून ठेवली होती, ती जवळून भोवऱ्यासारखी दिसत होती. "तीन, दोन, एक, दाबा!"

भाग सुरू झाला. एक तरुण मुलगी मोठी बॅग घेऊन लिफ्टमध्ये शिरते. घर सोडून निघालीय, कुणाला न सांगता. वरच्या मजल्यावरच्या आजी हातात छत्री घेऊन मागोमाग शिरतात. लिफ्ट अडकते. आजींना वाटतं ही सहलीला निघालीय. त्या तिला प्रवासात पाय कसे सुजतात, पाणी कुठलं प्यावं, हे सांगत राहतात, आणि मुलगी हो हो म्हणत राहते. बॉबिनबाईंना एकेक वाक्य आधी आठवत होतं आणि मग ऐकू येत होतं. त्यांना फार सुख वाटलं. लिफ्टला धक्का बसला, दिवा लुकलुकला.

"थांबवा!" बेकरीवाला ओरडला. "उत्सवमूर्ती, मान तुमचा."

बाईंनी गळ्यातली टेप सारखी केली. "लिफ्ट खाली येते," त्या म्हणाल्या. "मुलगी बॅग उचलून बाहेर पडते. रस्त्यापर्यंत जाते. मग थांबते आणि मागे बघते. तर आजींनी लिफ्टच्या दारात छत्री आडवी घालून ठेवलेली. दार मिटत नाहीये. वरून लोक ओरडतायत लिफ्ट सोडा, लिफ्ट सोडा. आजी म्हणतात, ओरडू देत, त्यांना जिना आहे. आणि मुलगी परत येते."

"वा!" वकीलबाई म्हणाल्या. "काय सुंदर शेवट आहे. मी विसरलेच होते."

"चला, बघूया. तीन, दोन, एक."

लिफ्ट खाली आली. मुलगी बॅग उचलून बाहेर पडली. रस्त्यापर्यंत गेली आणि चालतच राहिली, वळली नाही. लिफ्टचं दार मिटलं. आजी वर गेल्या, आपल्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि कुणाला तरी हात करत राहिल्या. नावं वर सरकू लागली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बॉबिनबाईंची हनुवटी जागच्या जागी थिजली होती.

"टेप कापलेली आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "हा शेवट नाहीये."

"कापलेली कशी असेल?" बेकरीवाला चाचरत म्हणाला. "नावंसुद्धा आली की."

"मग बदललाय. मी पाहिलाय माझ्या डोळ्यांनी!"

वकीलबाई साक्षीदाराशी बोलावं तसं हळू बोलल्या. "बाई, तेव्हा तुम्ही किती लहान असाल. लहानपणीचं आपण आपल्या मनासारखं करून घेतो. वाईट वाटून घेऊ नका."

बाईंची कानशिलं तापली. आपल्याच वाढदिवसाला आपलंच हसं. इतक्यात पायपुसणंच्या काळ्या चौकोनातून आवाज आला.

"नाही, त्या बरोबर सांगतायत. मुलगी परत येते. माझी आई मला झोपताना हा भाग नेहमी सांगायची, त्यात असंच आहे."

आता मात्र सगळे चौकोन एकदम बोलू लागले. एकीची स्मृती दगा देईल हो, पण दोघींना सारखाच दगा? बेकरीवाल्याने केक बाजूला सारला. म्हणजे मालिकेचे दोन शेवट होते? एक कापून टाकला? वकीलबाईंनी उलटतपासणीच सुरू केली. "पोरी, तुझी आई आणखी काय सांगायची? बॉबिनबाईंनी सांगितलं नाही असं काही? म्हणजे पडताळा येईल."

"मुलगी परत येते ना," पोरगी म्हणाली, "मग आजी छत्री काढायला जातात तर ती लिफ्टच्या आतच फटकन उघडते. दोघी छत्रीच्या दोन बाजूंना अडकतात आणि हसत सुटतात. मला तोच भाग आवडायचा. आई तेव्हा चादरीचीच छत्री करायची."

गटात पुन्हा गलका झाला. बॉबिनबाईंना त्यातलं काही ऐकू गेलं नाही.

आतच उघडणारी छत्री. ती त्यांनी मुद्दाम गाळली होती, मोठ्या माणसांपुढे पोरकट वाटेल म्हणून. आणि ती छत्री मालिकेतली नव्हतीच! ती त्यांच्या घरातली होती, वडिलांची, खटका बिघडलेली. कोपऱ्यात उभी असायची आणि कुणी जवळून गेलं की फटकन उघडायची. आणि बाईंना एकदम दुसरंही उमगलं. शेवट त्यांनी पाहिलाच नव्हता. त्या रात्री पडद्यावरचा दिवा लुकलुकला आणि त्यांचा डोळा लागला होता. दुसऱ्या दिवशी दात घासताना त्यांनी विचारलं होतं, "ताई, मग ती गेली का गं?" आणि ताई तोंडात फेस असताना म्हणाली होती, "छे, जाते कसली!" आणि पुढचं सगळं, छत्रीसकट, तिनेच सांगितलं होतं.

"पायपुसणं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "तुझी आई घरी आहे का गं?"

"आहे की. आत कपड्यांच्या घड्या घालतेय. का?"

"तिला फोन दे. म्हणावं, धाकटी बोलतेय."

काळ्या चौकोनात काही तरी पडल्याचा आवाज झाला. मग पोरगी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मावशी?" आणि बॉबिनबाईंना हुंदका आवरला नाही. शेवटचं पाहिलं तेव्हा ही पोर पुढचे दात पडलेली होती आणि स चा उच्चार तिला येत नव्हता.

बेकरीवाला भाबडा खरा, पण माणूस समजूतदार. "चला रे," तो म्हणाला, "केक ज्याचा त्याने खा." एकेक चौकोन विझत गेला. वकीलबाई सर्वांत शेवटी गेल्या. त्यांना जाववत नव्हतं, हे साहजिक होतं.

"बोल," ताईचा आवाज आला. तसाच, थोडा बसलेला.

बाईंनी कितीदा तरी मनात या बोलण्याची तयारी केली होती. त्यातलं एकही वाक्य वेळेवर आलं नाही.

"ताई, ती परत येत नाही. ती निघून जाते."

"माहितीय मला."

"मग मला का खोटं सांगितलंस?"

"किती आशेनं बघत होतीस तू, ब्रश हातात धरून. काय सांगणार होते?"

"आणि आईच्या वेळी? तेव्हा मी काय ब्रश धरून उभी होते?"

घड्या घातलेल्या कपड्यांवर हात फिरत असावा, तसा आवाज येत होता. "तुझा नवरा ऑपरेशनच्या टेबलावर होता," ती म्हणाली. "तू फोनवर विचारायचीस, आई बरी आहे ना गं, आणि तुझा आवाज त्या ब्रशवाल्या सकाळसारखाच यायचा. माझ्या तोंडून दुसरं काही निघायचंच नाही. चुकलं माझं. तुला कळायला हवं होतं. तू बोललीस ते खरंच होतं, म्हणून तर मी गप्प बसले."

इतकी वर्षं बॉबिनबाईंना हेच वाक्य हवं होतं. ते मिळाल्यावर त्याचं काय करायचं हे मात्र त्यांना कळेना. त्यांना राग शोधूनही सापडला नाही. नुसती फार मोठी उत्सुकता उरली होती, लहान मुलासारखी.

"आता खरं सांग," त्या म्हणाल्या. "शेवटी काय झालं? सगळं सांग, गाळू नकोस काही."

आणि ताईने सांगितलं. श्वास कसा लागायचा, पाणीही कसं उतरेना, डॉक्टर आपल्याकडे न बघता कसे बोलायला लागले. गोड करून काही सांगितलं नाही. बाई ऐकत राहिल्या. समोर एका गिऱ्हाइकाचा कोट अर्धा उसवलेला पडला होता, त्याचे सुटे धागे त्या एकेक करून वेचत होत्या.

"माझी आठवण काढली?"

"रोज. शेवटच्या संध्याकाळी तर सारखं धाकटी कुठाय, धाकटी कुठाय." ताईचा आवाज आता चिरकला. "तिच्याशीही खोटं बोलले मी. म्हटलं, निघालीय, पोचतेच आहे."

"मग?"

"खरं वाटलं तिला. शांत झाली. म्हणाली, दमून येईल पोर, तिचं ताट झाकून ठेव."

बॉबिनबाईंनी डोळ्यांना मापाची टेपच लावली.

"ठेवलंस?"

"ठेवलं. आई बघत होती ना."

बाई उठल्या. कोट बाजूला ठेवला, यंत्राचा दिवा घालवला आणि फोन पहिल्यांदाच नीट चेहऱ्यासमोर धरला.

"पत्ता सांग, ताई," त्या म्हणाल्या. "निघते मी."