अनाउन्समेंट नसलेलं टर्मिनल

नव्या टर्मिनलमध्ये अनाउन्समेंट होत नाही. कुणाचं विमान कधी, ते फक्त पडद्यावर. आम्हा फिनलंडवाल्यांना हे बरं वाटतं. मलाही वाटायचं.

शेजारी एक आजोबा बसले होते. काळा सूट, नाव तैस्तो. आपणहून बोलले, म्हणजे गरज मोठीच असणार. रात्रभर झोप नव्हती. दुपारी दोनला उत्तरेकडच्या गावात भावाला पुरणार होते. पेटी खड्ड्यात सोडताना सहा जण दोर धरतात, त्यात डोक्याकडची डावी बाजू यांची. विमान अकराला.

"डोळा लागेल माझा," म्हणाले. "साडेदहाला उठव. घोरलो तर लाथ घाल."

मी म्हणालो, "लाथ आधीच घालतो, आजोबा."

हसले आणि झोपले.

मी जरा छत बघायला उठलो. खरंच जराच. पातळ लाकडी पट्ट्यांची एवढी मोठी लाट, मध्ये एक खांब नाही. खाली शेवाळाची बाग. गालिचा असा की स्वतःचीच पावलं ऐकू येत नाहीत. संडासातसुद्धा पाखरांचं रेकॉर्डिंग. फोटो काढत सुटलो. त्रेचाळीस. शेवटच्यावर वेळ आहे दहा बावन्न.

धावलो. तेही कुणाला ऐकू आलं नाही.

गेट बंद झालेलं. आजोबा तसेच झोपलेले. आसपास माणसं होती, पण अनोळखी माणसाला हलवून उठवणार कोण आमच्यात?

मी उठवलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझाही डोळा लागला," मी म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. माहीत आहे.

"लागतो रे," ते म्हणाले.

पुढचं विमान साडेचारचं. त्यांनी पुतण्याला फोन केला, फार बोलले नाहीत. "माझी बाजू रिस्तोला दे. दोर ओला असेल तर हातमोजे घाल म्हणावं."

मग मला विचारलं, तुझं कितीला. तीनला, म्हटलं.

"मग झोप आता. दमलायस तू. मी जागा आहे."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. डोळे मिटून पडलो. झोप कसली येतेय.

दोन वाजता पापण्यांच्या फटीतून बघितलं. ते उभे होते. दोन्ही मुठी पुढे धरलेल्या, दोर सोडावा तशा हळूहळू खाली जात होत्या.

अडीचला खांद्यावर हात पडला.

"ऊठ, पोरा. तुझं लागलंय."