रीहामचा पायगुण

"खोलीत कोण कोण येऊन गेलं ते सांग. एकेक नाव घे," अरीजची आई म्हणाली आणि खुर्ची पलंगापाशी ओढून फौजदारासारखी बसली.

सकाळच्या बसने ती झरक्याहून आली होती. डोक्यावरच्या रुमालाच्या टाचण्याही अजून काढल्या नव्हत्या. पलंगावर अरीज, माझी सून, अठरा दिवसांची बाळंतीण. तिच्या ओढणीखाली माझी नात चार घोट ओढायची, सोडायची, तोंड लाल करून रडायची, पुन्हा ओढायची. नातीचं नाव तुलीन. माझी जीभ त्या नावाला अजून अडखळते, मी तिला नुसतं 'बाई' म्हणते.

"कच्चं मांस घेऊन कुणी आत आलं?"

"नाही, आई."

"मयतीवरून?"

"नाही गं."

"मग दूध गेलं कुठे? उंदरांनी पिलं?"

ती बघत होती मुलीकडे, पण विचारत होती मला. घर माझं, बाळंतीण माझ्या हवाली. मुलगा मुहन्नद अकबाच्या बंदरावर, पंधरवड्याने एकदा येणारा. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. आठ दिवसांपासून अरीजचं दूध कमी कमी होत चाललं होतं आणि आठ दिवस मी मनातल्या मनात स्वतःची उलटतपासणी करत होते. सूप कमी पडलं का, खिरीत शाहजिरं जुनं होतं का, माझी बडबड तिला जाचते का. अशा वेळी दुसऱ्या कुणाचं नाव सुचलं की माणसाला किती हलकं वाटतं.

"नवव्या दिवशी रीहाम आली होती," मी म्हणाले.

अरीजच्या आईने मांडीवर हात आपटला. "तीच ना, खालच्या घरातली? लग्न होऊन किती झाले होते तेव्हा?"

"बारा दिवस."

"झालं तर मग. कबसा झाली माझ्या मुलीला."

आमच्याकडे लहान पोरीलाही हे ठाऊक असतं. चाळीस दिवसांच्या आत नव्या नवरीने बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं की बाळंतिणीचं दूध दबतं. रीहामला ठाऊक नव्हतं. तिची आई लवकर गेली, भावांत वाढलेली मुलगी. लग्नातली उरलेली मिठाई ताटात घेऊन, मेंदीच्या हातांनी ती सरळ आत आली होती. अडवायचं काम माझं होतं. मी मात्र तिच्या ताटातला पिस्त्याचा तुकडा तोंडात टाकत होते.

"आई, असलं काही नसतं," अरीज म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. रडणाऱ्या मुलीला मांडीवर घेऊन कुठली बाई ठामपणे बोलेल?

मी चहा ओतला. अरीजच्या ग्लासात मरमिया दुप्पट घातली.

मरमिया म्हणजे माझा अभिमान. दर वसंतात आमच्या सल्त गावामागच्या उतारावरून तिची राखट हिरवी, मखमली पानं मी खुडून आणते, गच्चीवर सावलीत वाळवते, बरण्यांत भरते. माझी शाळा चौथीत सुटली. बरण्यांवर नावं लिहिता लिहिता अक्षरं मी आपली आपण शिकले. पोटात कळ आली, घसा धरला, नवऱ्याशी भांडण झालं, की बायका माझ्या दारात. अरीजला बाळंतपणानंतर पोटात वेणा येत होत्या. दहाव्या दिवसापासून मी तिला मरमियाचा चहा सुरू केला, दिवसातून पाच वेळा. वेणा थांबल्या. मी खूश होते.

कबसाचा उतारा असा, की त्या नवरीने आपलं सोनं रात्रभर पाण्यात भिजवायचं आणि त्या पाण्याने बाळंतिणीने न्हायचं. अरीजची आई स्वतः खाली जाऊन रीहामच्या सासूला, उम्म फव्वाझला म्हणजे फव्वाझच्या आईला, सांगून आली. जाताना पायऱ्यांवर बसलेल्या चार जणींनाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रीहाम बांगड्या भिजवलेलं पातेलं घेऊन आली. उंबऱ्याबाहेर थांबली. मेंदी नखांपाशी विटून नारिंगी झाली होती.

"खाला, मी नुसती मिठाई द्यायला आले होते हो. मला कुणी सांगितलंच नाही."

"ठाऊक आहे गं मला."

"बाळ कसं आहे?"

"बरं आहे. जा आता."

'जा आता' म्हणाले मी. पातेलं घेताना तिच्या बोटांना बोट लागू नये म्हणून मी कडेला धरलं, हेही तिने पाहिलं.

अरीज त्या पाण्याने न्हाली. दूध काही आलं नाही. अरीजची आई एक दिवस राहून, "वेळ लागतो" असं बजावून झरक्याला परतली. बाविसाव्या दिवशी आम्ही बाळाला आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. जन्मली तेव्हा तीन किलो दोनशे होती. काटा दोन किलो साडेनऊशेवर थांबला. नर्स समजूतदार होती. म्हणाली, "अंगावर आधी पाजा, दर दोन तासांनी. उरलेली भूक बाटलीने भागवा. आजपासून. ह्यात लाजायचं काही नाही."

घरी येताना आम्ही दुधाचा डबा आणि बाटली घेतली. बाळाने पहिली बाटली गटागट संपवली आणि झोपलं; तशी झोपलेली ती मी आठवडाभरात पाहिली नव्हती. तेव्हा अरीजच्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं.

"बघा आत्या, उपाशी होती हो. इतके दिवस उपाशीच होती आणि मी तिला थोपटत होते."

"अगं पोरी, असं नको बोलू."

"सजानं जुळी पोसली. माझी सख्खी बहीण. मला एक पोसवत नाही." आणि मग हळूच, "माझ्यातच काहीतरी कमी आहे. रीहामचं काय चुकलं त्यात?"

मी तिच्या हातात ग्लास दिला. "पी. मनाला बरं वाटेल."

ती आज्ञाधारक आहे. प्यायली.

त्याच दुपारी यझनची आई आली. आमच्या खालच्या आळीतली, तिसरं मूल अंगावर असलेली बाई. दारातूनच म्हणाली, "उम्म मुहन्नद, मरमिया दे गं मूठभर, चांगली कडक. दोन वर्षांचा घोडा झाला, अंगावरचं सोडत नाही. चावतो मेला."

मी बरणी उतरवली, कागद पसरला.

"मागल्या खेपेला तुझ्याच पाल्यानं तीन दिवसांत आटलं होतं," ती म्हणाली.

माझा हात बरणीत तसाच राहिला.

"दिवसातून किती वेळा घेतलीस?" मी विचारलं.

"आता मलाच विचारतेस? तूच सांगितलं होतंस. पाच वेळा."

मी पुडी बांधून दिली. ती गेल्यावर गच्चीवर गेले आणि वाळत टाकलेल्या पानांशेजारी खाली बसले.

लोक म्हणतील, इतकी वर्षं हाच धंदा, हिला कसं आठवलं नाही? मला ठाऊक होतं. मीच बायकांना सांगत होते. पण माझ्या डोक्यात ती एक वेगळी बरणी होती, झाकण घट्ट लावलेली, आणि ती मी फक्त दुसऱ्यांसाठी उघडायचे. कारण ती पहिल्यांदा उघडली गेली ती माझ्यासाठी. मुहन्नदच्या आधी मला एक मुलगी झाली होती. फिद्दा. एकोणचाळीस दिवसांची होऊन तापाने गेली. ती गेल्याचं माझ्या दुधाला कळलं नव्हतं. वेळ झाली की झगा भिजायचा. माझ्या सासूने काही न बोलता तीन दिवस मरमिया उकळून पाजली. चौथ्या दिवशी झगा कोरडा होता. त्यानंतर घरात त्या मुलीचं नाव कुणी घेतलं नाही आणि मीही मरमिया आणि स्वतःच्या घरातलं दूध ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी कधी ठेवल्या नाहीत.

खाली आले, किटली ओतून टाकली, घासली. मेथ्या आणि बडीशेप उकळायला ठेवली.

"आज वास वेगळा येतोय," अरीज म्हणाली.

"पोटाला बरं असतं."

एवढंच बोलले. खरं त्याच दिवशी सांगता आलं असतं.

चौथ्या दिवशी बाळ रडलं आणि अरीज छातीवर हात धरून म्हणाली, "आत्या, टोचल्यासारखं होतंय." पान्हा फुटला होता. नदी नव्हे, पण झरा म्हणावा इतका. बाटली सुरू केल्यापासून आठवड्याच्या आत सहा बाटल्यांच्या दोन झाल्या. काटा पुन्हा तीन किलो दोनशेवर गेला; बाई जन्मली होती तेवढीच, पण आम्ही घरी येताना हसत आलो.

संध्याकाळी झरक्याहून फोन. "काय म्हणाले होते मी? सोन्याचं पाणी! आता तरी पटलं? त्या पोरीचीच होती कबसा. मी उम्म फव्वाझलाही लगेच कळवलं."

मी गुपचूप चूक सुधारली होती आणि त्यामुळे रीहामवरचा आळ पक्का झाला होता. असा न्याय माझ्याच हातून व्हायचा होता.

दोन दिवसांनी पायऱ्यांवर उम्म फव्वाझ भेटली. म्हणाली, "माझी लेक सातव्या महिन्यात आहे, बाळंतपणाला येतेय. रीहाम घरात नको तोवर. गुरुवारी भावांकडे मादब्याला धाडते. बाळंतपण होऊन चाळीस दिवस उलटले की येईल."

"अगं, चार महिने होतील."

"होऊ देत. फव्वाझ कुरकुरतोय, पण त्याला काय कळतं? पांढऱ्या पायाची निघाली, आपण तरी काय करणार? तुझं तर पाहिलंच."

माझं तर पाहिलंच. मी मान हलवली आणि वर आले. हो, मान हलवली.

बुधवारी सकाळी अरीज बाळाचे कपडे घडी करत होती. मी समोर जमिनीवर बसले. सगळं सांगितलं, यझनच्या आईपासून सुरू करून उलट्या क्रमाने फिद्दापर्यंत. तिचं घडी करणं थांबलं नाही. एका झबल्याची घडी तिने तीनदा मोडून पुन्हा घातली.

"दहा दिवस तुम्हाला माहीत आहे?" शेवटी ती म्हणाली.

"नऊ."

"मी नऊ दिवस पाहतेय, आत्या, माझ्यात काय बिघडलंय ते. रोज तुमच्यासमोर रडले मी. तुम्ही माझे डोळे पुसलेत."

"हो."

"आणि मुहन्नदला मोठी बहीण होती, हे त्यालाही माहीत नाही?"

"नाही."

ती बाळाला घेऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दिवसभर तिने माझ्याकडून पाण्याचा ग्लाससुद्धा घेतला नाही. उठून स्वतः घेतला. मी तिला दोष देत नाही. माफी ही मागणाऱ्याच्या सोयीने यायची गोष्ट नव्हे.

गुरुवारी दुपारी मी बाहेरचा काळा झगा चढवला. दाराची कडी काढली तशी मागून अरीज म्हणाली, "खाली निघालात?"

"हो."

"थांबा. आधी हिचा ढेकर काढा. माझा हात भरून आलाय."

तिने बाळ माझ्या खांद्यावर दिलं. दोन दिवसांत पहिल्यांदा. मी पाठीवरून हात फिरवला. बाईने ढेकर दिला आणि त्याबरोबर घोटभर दूध माझ्या खांद्यावरून पाठीपर्यंत सोडलं. अरीज फडकं शोधू लागली.

"राहू दे," मी म्हणाले.

खाली उम्म फव्वाझच्या ओट्यावर चार बायका भरायची वांगी कोरत बसल्या होत्या. रीहाम कडेला, खाली मान घालून. दारापाशी तिची बॅग भरून ठेवलेली. मी उभी राहूनच बोलले. लांबवलं नाही. दूध माझ्या मरमियाने आटलं, मरमिया थांबवली तेव्हा आलं, ह्या मुलीचा काही संबंध नव्हता, तिचं नाव मी घेतलं होतं आणि नऊ दिवस गप्प मी बसले होते.

कोरण्या थांबल्या. यझनची आई तिथेच होती. तिने हळूच कपाळावर हात मारला.

"आम्हाला येडं समजतेस?" उम्म फव्वाझ म्हणाली. "दूध परत आलं ते सोन्याच्या पाण्यानं. सगळ्या गावाला ठाऊक आहे. पोरीची दया आली म्हणून तू आता हे रचतेस."

"पाण्यानं न्हाली, त्यानंतर सात दिवस काही नाही. मरमिया थांबली त्याच्या चौथ्या दिवशी पान्हा फुटला. मोज की."

तिने मोजलं असावं. कारण एकदम विषय बदलून तिने माझ्या खांद्याकडे बोट केलं. "आणि ते काय सांडवून आलीस?"

"दूध. बाईला जास्त झालेलं."

रीहामने कोरणी ताटात ठेवली. ओट्याच्या नळावर हात धुतले, बोटांमधून, सावकाश. रुमालाला पुसले. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. ती ओट्यावरून उतरली आणि आमच्या घराकडे जाणाऱ्या पायऱ्या चढू लागली.

"चाळीस व्हायचेत अजून," उम्म फव्वाझ म्हणाली. पण हळू म्हणाली.

रीहाम थांबली नाही. पायऱ्यांच्या अगदी मधून, दोन्ही बाजूंच्या दारांना दिसेल अशी चढत राहिली. वर दार उघडंच होतं. मी तिच्या मागे निघाले, चार पायऱ्यांचं अंतर सोडून.