टाकीतलं पाणी

रोपांनी भरलेली पिकअप चढावर आचके देत बंद पडली. काकांनी हँडब्रेक ओढला आणि काकूंनी खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावला. संसार सुरू झाल्यापासून ही वाटणी ठरलेली होती. गाडी काकांची, दगड काकूंचा. रोपवाटिकेतली रोपं घरोघरी पोचवायला दोघं एकत्रच निघायचे.

मिस्त्री स्कूटरवरून आले. ही जुनी पिकअप त्यांच्या हाताखालून इतक्यांदा गेली होती की नुसत्या आवाजावरून ते तिचं दुखणं ओळखत. फिल्टरच्या तळाचा स्क्रू ढिला करून त्यांनी काचेच्या बाटलीत डिझेल काढलं. थोड्या वेळात बाटलीत दोन थर झाले. वर डिझेल, खाली स्वच्छ पाणी.

"काका, डिझेल कुठे भरलंत? हे बघा, निम्मं पाणीच आहे."

"त्या पंपवाल्याच्या कानाखालीच वाजवतो!" काका उसळले.

मिस्त्रींनी टाकी उतरवून धुतली, वाळवली, नवा फिल्टर घातला. पाइपांत हवा धरली होती, म्हणून काका इंजिनावरचा छोटा हातपंप मारत राहिले. फेस जाऊन डिझेलची सलग धार लागल्यावर मिस्त्रींनी नट आवळला. इंजिन खोकलं, पांढरा धूर ओकलं आणि सुरू झालं.

पण काही दिवसांनी तेच. दुसऱ्या पंपावरून डिझेल भरून पाहिलं. टाकीच्या झाकणातून पाणी झिरपत असेल म्हणून कुलपाचं नवं झाकण बसवलं. तरी गाडी पुन्हा बंद पडली. या खेपेला काका हात धुवायला आत गेल्यावर मिस्त्रींनी बाटली काकूंसमोर धरली.

"काकू, हे पंपावरचं पाणी नाही. कुणीतरी ओततंय. किल्ली कुणाकडे असते?"

"यांच्याच खिशात. पोरंटोरं करत असतील काहीतरी."

"कुलूप काढून?"

काकूंची नजर काका गेले होते त्या दाराकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. काका नेहमीसारखे पाण्याचा मग घेऊन बाहेर आले. निघण्याआधी रेडिएटर बघायचा, कमी असेल तर पाणी घालायचं, ही त्यांची जुनी सवय. बॉनेटसमोर ते क्षणभर थबकले, खोलीत जावं आणि कशासाठी आलो तेच आठवू नये तसे. मग बाजूला गेले, खिशातून किल्ली काढली, टाकीचं झाकण उघडलं आणि थेंबही सांडू न देता मगातलं पाणी आत ओतलं. गाडीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चल गं बाई."

काकू दारापर्यंत धावल्या आणि चौकट धरून थांबल्या. काकांच्या हातून भाजीत दोनदा पडलेलं मीठ, भलत्याच घरी उतरवलेली रोपं, कधीच वारलेल्या आईबद्दल "आई जेवली का?" असं परवा विचारलेलं. हे सगळं त्यांनी आजवर वयाच्या खाती टाकलं होतं.

डॉक्टरांनी काकांना तपासलं, मग काकूंना एकटीलाच आत बोलावून विसरण्याचा आजार सांगितला. वाढत जाणारा आहे, म्हणाले, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. हे काकांना सांगायचं कुणी? काकू गॅरेजवर गेल्या.

"मिस्त्री, तुम्हीच सांगा. गाडीचा पंप गेलाय म्हणा, भाग मिळत नाहीत म्हणा."

"काकू, मी आजवर त्यांच्याशी खोटं बोललो नाही."

"मग माझ्यासाठी एकदा बोला."

मिस्त्री आले, बॉनेट उघडलं आणि मान वर न करताच म्हणाले, "काका, फीड पंप गेलाय, डिझेल पुढे ढकलतच नाही. ह्या गाडीचे भाग आता येत नाहीत."

काकांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "पंप गेला? सरक बघू."

पान्हा हातात घेऊन त्यांनी पाइप सोडवला आणि हातपंप दाबला. "ही बघ धार. पंप ठणठणीत आहे. तुला झालंय काय?" मग बोटावरचं डिझेल अंगठ्याने चोळून पाहिलं, फिल्टरचा स्क्रू उघडला, खाली बाटली धरली, ती उजेडाकडे केली. त्यांचे हात काहीच विसरले नव्हते.

"पाणी आहे. टाकीत कुणीतरी पाणी ओतलंय. कोण गाढव आहे हा?"

मिस्त्री खाली वाकून हत्यारं गोळा करू लागले.

"मी ओतलं," काकू म्हणाल्या.

"तू?"

"रेडिएटरचं झाकण समजून. चुकलं माझं."

आता आवाज चढणार म्हणून काकूंनी अंग चोरलं. पण काकांचा चेहरा एकदम मऊ पडला. त्यांनी काकूंचा हात धरून त्यांना आधी बॉनेटपाशी नेलं, मग टाकीपाशी. "हे पाण्याचं. हे डिझेलचं. राहील लक्षात?"

"राहील."

"रडतेस काय वेडे? वयाबरोबर व्हायचंच असं."

मग मिस्त्रींना बाजूला घेऊन ते हळूच बोलले. पण काकूंना ऐकू आलंच. "हिचं हल्ली काही खरं नाही रे. मला काळजी वाटते. किल्ल्या तुझ्याकडेच राहू दे. हिला एकटीला गाडीजवळ सोडायला नको."

खिशातल्या दोन्ही किल्ल्या, गाडीची आणि टाकीच्या झाकणाची, त्यांनी मिस्त्रींच्या तळहातावर ठेवल्या. मिस्त्रींनी मूठ मिटली, हत्यारांची पेटी उचलली आणि निघून गेले.

त्यानंतर रोपं भाड्याच्या टेम्पोने जाऊ लागली. काका दारातल्या खुर्चीवर बसून काकूंवर नजर ठेवत. झारी हातात दिसली की उठून मागोमाग यायचे.

"पाणी कुठे चाललंय?"

"झाडांना."

"नीट बघून घाल हो."

काकू दर वेळी "हो" म्हणायच्या. त्यांची चूक काकांनी कधी उगाळली नाही, कुणापुढे सांगितली नाही. उलट, कुणी आलं की सांभाळून घ्यायचे. "ही जरा विसरते हल्ली," म्हणायचे, इतक्या मायेने की काकूंना आत जाऊन तोंडावर पाणी मारावं लागे.

पुढे गाडी कुणाची तेही काकांना आठवेनासं झालं. मिस्त्रींनी एका सकाळी ती ओढून नेली, तेव्हा काकांनी वाट करून द्यायला खुर्ची मागे घेतली आणि परक्या माणसाला करावा तसा त्यांना नमस्कार केला. दुपारी काकू झारी भरून निघाल्या. पायरीवर थोडा वेळ थांबल्या. खुर्चीतले काका झारीकडे पाहूनही उठले नाहीत. मग त्या एकट्याच रोपांकडे गेल्या.