डावा डोळा, उजवा हात

मंगळवारी घानाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या आपामला कुणी दर्यावर जात नाही, दर्याला त्या दिवशी विश्रांती असते. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी मला नेमका मंगळवार दिला, तेव्हाच मी म्हटलं, या माणसाला अक्कल आहे.

त्यांच्या नर्सबद्दल मात्र असं म्हणवत नाही. महिन्यापूर्वी ती शहरातून आली आणि चर्चमध्ये गावाचे डोळे तपासून गेली. भिंतीवर तक्ता टांगलेला, त्यावर तीन दातांच्या फण्या काढलेल्या. कुठल्या फणीचे दात वर, कुठल्या फणीचे खाली, कुठली कुशीवर निजलेली. खाली खाली फण्या बारीक होत गेलेल्या. एका हाताने एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्या हाताने दात कुणीकडे ते दाखवायचं. तोंडाने बोलायचं नाही, कारण मागची बाई ऐकते आणि तेच सांगते. माझी पाळी झाली, कार्ड मिळालं. घरी सुनेने, एसाबाने, वाचलं : उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डाव्याने काहीच दिसत नाही.

"काहीच?" मी म्हटलं. "मग आत्ता तुझ्या झग्यावर पडलेलं तेल कोण बघतंय, माझा कान?"

एखाद्या साध्या बाईने असं कार्ड चुलीत घातलं असतं. पण मी बावीस वर्षं मासळीची राणी आहे. होड्या लागल्या की मी आधी पुढे होते, तारलीचा कल्ला उघडते, तिच्या डोळ्यात बघते आणि भाव बोलते. मी बोलले तो अख्ख्या किनाऱ्याचा भाव. नाखवाही तोच घेतो, बायकाही तोच देतात. अशा बाईला दिसत नाही म्हटल्यावर गावाला दुसरं काय हवं! ओतुआने तर दोन दिवसांत घरोघर पोचवलं. ही ओतुआ माझ्याच वयाची, माझ्या शेजारीच मासळीला धुरी द्यायची भट्टी लावते, आणि माझ्या जागेवर तिचा डोळा आहे तो माझ्या सासूच्या काळापासून.

होड्यांचे मुखिया अकोमेया माझ्या अंगणात आले. भला माणूस, पण दोन बायकांच्या भांडणात उभं राहायचं म्हटलं की तो वाट बदलतो.

"आक्का," ते म्हणाले, "मोठ्या डॉक्टरचा कागद आणा. एक डोळा धड आहे एवढं त्याने लिहून दिलं, तर कुणाची बोलायची छाती नाही. नाहीतर मंगळवारनंतरच्या शुक्रवारी भाव ओतुआ बोलेल."

"आणि ती चुकली तर?"

"तर मी मेलो," ते म्हणाले आणि पुढे केलेलं मक्याचं केंके न खाताच निघून गेले.

मंगळवारला पाच दिवस होते. मी एसाबाला म्हटलं, परीक्षाच आहे ना, मग अभ्यास करू. तिने धुरी दिलेली तारली काठीला बांधली आणि अंगणाच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिली. कधी मासळीचं डोकं वर, कधी शेपटी वर. मी उजव्या हाताने उजवा डोळा झाकला.

"आई, डोकं कुणीकडे?"

मी बघत होते. डोकं वर होतं. जबड्याखालचा धुराचा डागसुद्धा दिसत होता.

"आई, दाखवा ना."

मी उभीच.

एसाबा काठी घेऊन चालत आली. "दिसत नाही?"

"दिसतंय की. वर आहे डोकं."

"मग हात का नाही केला?"

"कुठला हात करू? उजव्याने तर डोळा झाकलाय."

"डावा!"

"डावा?" मी म्हटलं. "खायच्या वस्तूकडे? आणि तुझ्यासमोर? तू माझ्या मुलाची बायको आहेस, कुणी उकिरड्यावरची नाहीस."

ती काठी टाकून खालीच बसली आणि हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तेव्हा कुठे मलाही उमगलं. चर्चमध्ये मी हेच केलं होतं. डावा हात पाठीशी धरला आणि गप्प राहिले. आमच्यात डावा हात दाखवणं म्हणजे समोरच्याचा अपमान; नर्सच्या तोंडासमोर तो नाचवायचा हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मला वाटलं, तिच्या आईने तिला शिकवलं असेल, कळेल तिला.

"आई, डॉक्टरला नाही हो वाईट वाटायचं," एसाबा म्हणाली. "एवढं एकदा करा डावा."

"डॉक्टरसुद्धा कुणाचा तरी मुलगा आहे. आणि त्याला नाही वाटलं तरी मला वाटेल. डावा हात दाखवून राणीपद राखायचं, तर मग ओतुआच बरी."

डाव्या हाताने उजवा डोळा झाकून बघितला. कोपर नाकासमोर येतं आणि निम्मं अंगण झाकलं जातं. एसाबा म्हणाली, मी तुमचा डोळा धरते. म्हटलं, मी काय पाळण्यातली आहे? शेवटी डोक्याचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला, पण तिरका. घडी उजव्या भुवईवरून खाली ओढली, डोळा पूर्ण झाकला, गाठ मागे घट्ट. दोन्ही हात मोकळे.

"आता उचल मासळी."

वर. खाली. दारापाशी. भट्टीपाशी. एसाबा मागे मागे सरकत शेजाऱ्यांच्या कुंपणाला टेकली, तरी माझं एकही चुकलं नाही. पाचही दिवस, सकाळी भट्टी पेटवण्याआधी आणि संध्याकाळी मासळी उतरवल्यावर, हाच अभ्यास. त्या तारलीला शेवटी शेपूट उरली नाही.

मंगळवारी मी निळा चांगला कपडा नेसले. आजारी दिसायला जायचं नव्हतं, जिंकायला जायचं होतं. इस्पितळाच्या ओसरीवर तीस-चाळीस जणी बाकांवर बसलेल्या. पुढच्या बाकावर कोण? ओतुआ. मला बघून तिने मान फिरवली.

"चष्म्यासाठी आलेय," ती भिंतीला म्हणाली.

"मी विचारलं का?"

तीच नर्स, तोच तक्ता. ओतुआची पाळी आली. उजवा हात मोकळा होता तोवर तिने भराभर दाखवलं. मग नर्सने डोळा बदलायला लावला. ओतुआने उजवा डोळा झाकला आणि डावा हात कपड्याच्या घडीत सरकवला. ओठ मिटलेले. नर्सने दोनदा विचारलं, लेखणी उचलली.

खरं सांगते, एक क्षण मला गोड वाटलं. लिही, म्हटलं मनात, हिचंही लिही. आणि मग माझीच मला लाज वाटली.

"थांब गं पोरी!" मी उठले. "काही लिहू नकोस. तिला दिसतंय."

"आजी, तुम्ही बसा. मध्ये बोलायचं नाही."

"तिला माझे दोष चाळीस हातांवरून दिसतात, तुझी फणी दिसणार नाही? ती तुला डावा हात दाखवत नाहीये, एवढंच. तुझा मान ठेवतेय, आणि तू तिला आंधळी लिहितेस!"

बाकांवरच्या बायका एकमेकींकडे वळल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "माझंही तसंच लिहिलंय." दुसरी म्हणाली, "माझंही." आतून डॉक्टर बाहेर आले, केस पिकलेले, हातात कार्डांची चवड.

"सकाळपासून अकरा बायका," ते म्हणाले. "अकराही जणींचा डावा डोळा गेलेला, आणि आत दिवा लावून बघतो तर डोळा ठणठणीत! मी म्हणत होतो, या गावात हा कुठला नवा रोग?"

"रोग नाही डॉक्टर," मी म्हटलं, "वळण."

ते एवढे हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. नर्स ओशाळली. वाईट पोर नव्हती. तिने हात जोडले, तेही मी बघितलं.

मी ओतुआसमोर उभी राहिले. "मान खाली कर."

"कशाला?"

"कर म्हणते ना." तिचा रुमाल सोडला, तिरका बांधला, गाठ जरा जास्तच आवळली.

"आई गं! मारतेस का?"

"बघ समोर. आणि हात उजवा."

ओतुआने सहा ओळी बरोबर सांगितल्या. मग मी माझी घडी खाली ओढली आणि डॉक्टरांच्या समोर सात सांगितल्या. आठवीतली पहिली फणीसुद्धा. मागे बाकांवर बायका एकमेकींचे रुमाल सोडत होत्या, बांधत होत्या, भांडत होत्या, आणि नर्स एकेक जुनं कार्ड खोडत होती.

डॉक्टरांनी कागद लिहिला : डावा डोळा उत्तम, उजव्याचा मोतीबिंदू पुढच्या महिन्यात काढू, मग दोन्ही चालतील. मी एसाबाकडून तो दोनदा वाचून घेतला. पहिल्यांदा कळण्यासाठी, दुसऱ्यांदा ओतुआला ऐकू जाण्यासाठी.

शुक्रवारी मुखियांनी किनाऱ्यावर सगळ्यांसमोर तो मोठ्याने वाचला. पहिली होडी वाळूला लागली. मी तारली उचलली, कल्ला उघडला, डोळ्यात बघितलं. रात्रीची होती, पहाटेची नव्हती, नाखवा काहीही म्हणो. मी भाव बोलले.

"एवढा कमी?" नाखवा ओरडला. "आक्का, नीट बघा तरी!"

"बघितलं," मी म्हटलं. "पुढची होडी आणा."

आणि माझ्या मागून, मी न सांगता, ओतुआ त्याच्यावर खेकसली, "ऐकू येत नाही का रे? राणीने भाव बोललाय!"