मला एकदाही ढकलावं लागलं नाही

मित्रांनो, मी एक जुनी कॅम्परव्हॅन आहे, पण मला कोणी म्हातारी म्हटलं की माझं इंजिन तापतं. माझी पहिली पंधरा वर्षं एका लॉन्ड्रीत गेली. इस्पितळांच्या इस्त्री केलेल्या चादरी मी पोचवत असे. एवढ्या वर्षांत एका चादरीवर डाग पडू दिला नाही, हे जरा मिरवूनच सांगते. मग नवी गाडी आली आणि माझी रवानगी परसात झाली. तिथे कोंबड्यांनी माझ्यात संसार थाटला. ते दिवस आठवले की अजून वाईट वाटतं.

तिथून मला एका सुतारांनी आणलं. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नाही. चालवतात त्यांच्या पत्नी. त्यांनी सगळी नोकरी शाळेची बस चालवण्यात काढली आहे. सुतारांनी ऐन उन्हाळ्यात माझ्या पोटात बिछाना, ओटा, खण आणि कपाट बसवलं. कपाटाची दारं तर आरशासारखी चकचकीत. त्यांच्यावर कोणी ओला हात ठेवला तरी सुतारांच्या कपाळाला आठी पडायची.

पावसाळा सोडून मी या दोघांना खूप फिरवलं. पण पुढे माझ्या कुरबुरी वाढल्या. त्यांची लेक लिफ्ट तपासते. दोष शोधणं हा तिच्या हातचा मळ. तिने भंगारवाल्याशी बोलणं करून टाकलं. आई ऐकेना, तेव्हा ती म्हणाली, "ठीक आहे, आठ दिवस फिरून येऊ. मीही येते. पण एकदा जरी हिला ढकलावं लागलं, तर आल्याबरोबर ही भंगारात."

आई म्हणाली, "कबूल."

मला कोणी विचारलंच नाही.

निघालो तो धो धो पाऊस. तीन दिवस मी हिरव्या टेकड्यांमधून, लाल पाण्याच्या ओढ्यांवरून गात गेले. वायपर करकरत होते, छत एका कोपऱ्यात गळत होतं आणि त्याखाली ठेवलेल्या पातेल्यात टपटप चालू होती. लेक वहीत सगळं टिपून घेत होती.

चौथ्या दिवशी दुपारी एका कुरणातून वर रस्त्याला लागताना माझं मागचं चाक चिखलात रुतलं. फिरायचं, चिखल उडवायचं, जागचं हलायचं नाही. चाकाखाली घालायच्या लोखंडी पट्ट्या होत्या खालच्या खणात, आणि खण उघडेना! पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणून जन्मभर लोकांच्या दारांना फट सोडणारा हा माणूस माझ्या कौतुकात ती फट सोडायला विसरला होता. सुतार ओढून ओढून घामाघूम झाले. मी तर मनात भंगाराचा वजनकाटा पाहू लागले. फार भीती वाटली.

लेक खाली उतरली. "बाबा, राहू दे आता. मी ढकलते."

"हात लावू नकोस तिला," आई स्टिअरिंगवरून म्हणाली. "अहो, दुसरं काही सुचतंय का?"

सुतार क्षणभर कपाटाकडे बघत राहिले. मग त्यांनी पेचकस घेतला, ती दोन्ही चकचकीत दारं बिजागऱ्यांसकट काढली आणि स्वतःच्या हातांनी चिखलात माझ्या रुतलेल्या चाकाखाली सरकवली. "चालव," एवढंच म्हणाले.

आईने मला हळूच पहिल्या गिअरमध्ये घातलं. एक दार कडाडलं. मी दात-ओठ खाऊन जोर लावला आणि थेट रस्त्यावर आले! लेक चिखलाने माखलेली, शिट्टी वाजवत मागून पळत आली. वहीचं तिला भानच नव्हतं.

पुढचे चार दिवस आम्ही दारांशिवायच्या कपाटातले कपडे सांभाळत फिरलो. घरी पोचलो तेव्हा आईने काही विचारायच्या आत लेकीने फोन लावला. "गाडी न्यायला येऊ नका. नाही, तब्येत उत्तम आहे तिची."

मित्रांनो, तुमच्या दारातही एखादी जुनी गाडी किंवा सायकल उभी असेल. तिला पुसा, तेल द्या, तिच्या कुरबुरी ऐका. ती अडलीच, तर मोडीत काढण्याआधी आपली एखादी लाडकी वस्तू तिच्यासाठी खर्ची घाला. आमच्या सुतारांनी घातली, म्हणून उद्या सकाळी मी पुन्हा निघणार आहे. आभाळ भरलंय, आणि या खेपेला लेक मला स्वतः चालवणार आहे.